माझं वर्गातलं नाव फेलिक्स

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मला नवीन नाव मिळालं, आणि तेही पुरुषाचं.

झालं असं, की गेल्या वर्षी मी लॅटिनचा ऑनलाइन वर्ग लावला. का लावला, याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. सव्वीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम करतेय. दुसऱ्यांच्या वाक्यांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासून डोळे आणि डोकं दोन्ही शिणलं होतं. एखादी अशी भाषा हवी होती जिच्यात चुका मी करायच्या आणि तपासायच्या दुसऱ्याने. मंगळवारी रात्री साडेआठ ते दहा. आम्ही सातजण, स्क्रीनवर सात चौकोन, त्यांतले तीन कायम काळे.

पहिल्याच तासाला सरांनी सांगितलं, की इथे कोणी आपल्या खऱ्या नावाने बोलायचं नाही. लॅटिनमध्ये माणसांच्या नावांनाही विभक्ती लागते, तेव्हा प्रत्येकाला एकेक रोमन नाव हवं, म्हणजे ते आठवडाभर चालवून बघता येईल. यादी त्यांच्याकडे तयार होती, आम्ही फक्त आकडा सांगायचा. मी चार सांगितला. माझ्या आधीच्याला मार्कुस आलं होतं, नंतरच्या मुलीला क्लाउदिया. मला फेलिक्स.

"सर, हे पुरुषाचं नाव ना?"

"हो. बदलून हवं असेल तर फेलिकिया करू. पण व्याकरणाने अडत नाही. फेलिक्स हे मुळात विशेषण, आणि पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग, तिन्हींना प्रथमेत रूप एकच."

पहिल्या दिवशीच घासाघीस कशाला, म्हणून मी राहू द्या म्हटलं. रात्री ताईचा फोन आला, तिला सांगितलं. ती क्षणभरही थांबली नाही. "फेलिक्स? अगं, पहिल्या दोन अक्षरांतच निकाल लागला की तुझा!"

धंद्याची खोड म्हणून आधी शुद्धलेखन. मराठी मजकुरात हे नाव मी तीन तऱ्हांनी लिहिलेलं पाहिलंय: फेलिक्स, फीलिक्स आणि क्वचित फेलीक्स. इंग्रजी उच्चार 'फी'कडे झुकतो, म्हणून दुसरं. मूळ लॅटिनमध्ये दोन्ही स्वर दीर्घ, त्यामुळे काटेकोर पाहिलं तर तिसरंच बरोबर. तरी मी 'फेलिक्स'च लिहिणार. जिथे वाचक अडखळत नाही तिथे शुद्धतेचा हट्ट धरू नये, एवढं शहाणपण मला या कामात फार उशिरा आलं.

घरचा अभ्यास होता: आपापल्या नावाचा अर्थ शोधून आणा. सोपं वाटलं. बाळांच्या नावांच्या याद्या देणाऱ्या साइट्स ढिगाने आहेत. सगळीकडे एकच ओळ सापडली: फेलिक्स, लॅटिन, पुल्लिंगी, अर्थ 'आनंदी, भाग्यवान, यशस्वी'. एका अर्थासाठी स्वल्पविराम देऊन तीन शब्द मांडलेले दिसले की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. लेखकाला नेमकं काय म्हणायचंय ते ठरलेलं नसलं की असे तीन शब्द येतात. आनंदी माणूस भाग्यवान असतोच असं नाही, भाग्यवान माणूस यशस्वी असतो असंही नाही, आणि यशस्वी माणूस आनंदी असतो असं तर कोणीच म्हणणार नाही. मग या तिघांना एकाच शब्दात कोंबलं कोणी?

बरं, लॅटिनमध्ये 'नशीबवान'साठी शब्दांचा दुष्काळ आहे म्हणावं, तर तसंही नाही. फोर्तुनातुस आहे, म्हणजे फोर्तुना देवीची मर्जी झालेला. दैवाची सोंगटी ज्याच्या बाजूला पडली तो. फाउस्तुस आहे, म्हणजे शुभ, शकुनाचा. बेआतुस आहे, म्हणजे काही कमी नसलेला, तृप्त. एवढी भरलेली पंगत असताना फेलिक्स तिथे वेगळं काय घेऊन बसलाय, हे कळल्याशिवाय मला झोप येईना.

उत्तर कोशात होतं, आणि तेही पहिल्याच ओळीत. लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९ सालचा लॅटिन-इंग्रजी कोश अजूनही लोक वापरतात. त्यात फेलिक्सचा पहिला अर्थ 'आनंदी' नाही, 'भाग्यवान'ही नाही. पहिला अर्थ आहे फळ धरणारं, सुपीक. बाकीचं सगळं त्यानंतर. थोरल्या कातोचं मत फेस्टुस या रोमन कोशकाराने नोंदवून ठेवलंय: ज्या झाडांना फळ येतं त्यांना कातो 'फेलिक्स' म्हणे, ज्यांना येत नाही ती 'इन्फेलिक्स'. कातो हा इ. स. पू. १४९ मध्ये वारलेला, मातीत हात घालणारा, शेतीवर पुस्तक लिहिणारा म्हातारा. त्याच्या तोंडी हा शब्द माणसाच्या मनःस्थितीबद्दल नाहीच. तो झाडाबद्दल आहे.

म्हणजे मराठीत काय लिहायचं? मी वहीत एकाखाली एक शब्द लिहीत गेले. आनंदी, खोडलं. सुखी, खोडलं. भाग्यवान, फोर्तुनातुससाठी राखून ठेवलं. फलद्रूप, जरा सरकारी वाटलं. मग अचानक लहानपणी ऐकलेल्या कहाण्यांची शेवटची ओळ कानात वाजली: साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. सुफळ! हाच तो. आपल्याकडेही झाड फळतं तसा नवस फळतो, कष्ट फळाला येतात, कहाणीसुद्धा सुफळ होते. झाडावरून नशिबाकडे जाण्याची वाट मराठीने आणि लॅटिनने स्वतंत्रपणे पाडलीय, आणि दोन्हीकडे ती एकाच बांधावरून जाते. उलट अर्थाचा शब्दही तयारच होता. इन्फेलिक्स म्हणजे निष्फळ.

सरांना हे आवडलं. पण ते म्हणाले, फळावर थांबू नका, अजून खाली खणा. खाली दूध आहे.

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून जरा सावकाश सांगते. लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'फ' असला, की संस्कृतात त्या जागी कधी 'भ' सापडतो, कधी 'ध'. फ्रातेर म्हणजे भाऊ, आपला भ्राता. फूमुस म्हणजे धूर, आपला धूम. लॅटिन आणि संस्कृत जिच्यातून आल्या त्या मूळ भाषेतले हे महाप्राण लॅटिनने दोन्ही एकाच 'फ'च्या पोत्यात भरले, संस्कृतने वेगवेगळे जपले. आता फेलिक्समधला 'फे' घ्या. त्याच्या जागी 'ध' ठेवला की 'धे' येतो. संस्कृतात 'धे' हा धातू आहे, धयति म्हणजे पितो, चोखतो, अंगावर पितो. त्यातूनच धेनू आली, दूध पाजणारी. लॅटिनमध्ये याच घरातली भावंडं बघा: फेमिना म्हणजे बाई, मुळात पाजणारी. फिलिउस म्हणजे मुलगा, मुळात पिणारा, दूधपितं पोर. फेकुन्दुस म्हणजे सुपीक, फेतुस म्हणजे गर्भ, विणं. आणि त्याच ओळीत शेवटी उभा आमचा फेलिक्स.

म्हणजे फेलिक्स आणि धेनू ही चुलत भावंडं. हे कळलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी ताईला मेसेज केला: 'फेल नाही, धेनू आहे मी.' तिने सकाळी उत्तर पाठवलं, 'गरीब गाय, ते तर आहेसच.'

आता इन्फेलिक्सकडे यायला हवं. ते मी दोन आठवडे टाळलं.

रोमन कायद्यात एक जुनं वाक्य आहे, इतिहासकार लिव्हीने ते दिलंय. होरातियुस नावाचा वीर लढाई जिंकून परत येतो. मारलेल्या शत्रूंपैकी एकाशी त्याच्या बहिणीचं लग्न ठरलेलं असतं. ती रडते, म्हणून हा तिला तिथेच भोसकतो. त्याच्यावर खटला चालतो, आणि शिक्षेचे शब्द असे आहेत: याचं डोकं झाका, याला दोरीने इन्फेलिक्स झाडाला टांगा. निष्फळ झाडाला. फळझाडाला टांगायचं नाही, ते विटाळेल. (लोकांकडे दाद मागितल्यावर तो सुटला. बहीण गेली ती गेली.) ज्या झाडाला काही येत नाही त्याला काय लावायचं, तर माणसाचं प्रेत.

मग रोमन कवी व्हर्जिल. त्याच्या महाकाव्यातली कार्थेजची राणी दीदो पुन्हा पुन्हा 'इन्फेलिक्स' म्हणून येते. बहुतेक भाषांतरांत तिथे 'अभागी', 'दुर्दैवी' असं दिसतं. चूक नाही म्हणता येणार. पण तिचा प्रियकर एनेयास तिला सोडून निघतो तेव्हा ती काय म्हणते ते वाचा. म्हणते, जाण्याआधी तुझ्यापासून मला एखादं मूल तरी झालं असतं, या अंगणात एखादा छोटा एनेयास तरी खेळला असता, तर मी अशी अगदीच लुटली गेले असं मला वाटलं नसतं. ज्या कवीने स्वतः शेतीवर कविता लिहिली, शेतातल्या निरुपयोगी तणाला 'इन्फेलिक्स' म्हटलं, रानटी ऑलिव्हला 'इन्फेलिक्स' म्हटलं, त्याला दीदोसाठी हा शब्द वापरताना त्यातलं झाड आठवलं नसेल, हे मला पटत नाही.

मला मूल नाही. का नाही, हा इथला विषय नाही. पण माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. मराठीत वांझ हा शब्द झाडालाही चालतो, गाईलाही चालतो, बाईलाही चालतो आणि वर्तमानपत्रांत तर चर्चेलाही चालतो. गेली पंधरा वर्षं 'वांझोटी चर्चा' असं कुठे दिसलं की मी समासात पेन्सिलीने 'निष्फळ' सुचवते. लेखक बहुतेक वेळा मान्य करतात. कारण कोणी विचारत नाही, मीही सांगत नाही. आणि इथे ही दोन हजार वर्षांपूर्वीची भाषा मला सांगत होती, की तुझा तो सभ्य शब्द आणि तो दुसरा शब्द, आमच्याकडे दोन्ही एकच.

एक मंगळवार मी वर्ग बुडवला. काम फार आहे असं कळवलं.

परत गेले त्या दिवशी सुल्ला चालू होता, आणि बरं झालं, कारण सुल्लावर रागावता येतं. लुकियुस कोर्नेलियुस सुल्ला, रोमवर आपल्याच फौजेनिशी चालून जाणारा सेनापती. इ. स. पू. ८२ मध्ये यादवी जिंकल्यावर त्याने आपल्या नावापुढे अधिकृतपणे 'फेलिक्स' जोडून घेतलं. ग्रीकांना पत्र लिहिताना तो स्वतःला एपाफ्रोदितोस म्हणवे, म्हणजे अफ्रोदिती देवीचा लाडका. जुळी झाली तर त्यांची नावं फाउस्तुस आणि फाउस्ता. घरात सगळे शुभ, मंगल, भाग्याचे. आणि बाहेर चौकात याद्या लागत होत्या. चरित्रकार प्लुतार्क सांगतो, पहिल्या दिवशी ऐंशी नावं, एक दिवस सोडून आणखी दोनशे वीस, पुढे पुन्हा तितकीच. ज्याचं नाव यादीत, त्याला कोणीही मारावं, मारणाऱ्याला बक्षीस. नावांच्या याद्या मीही तपासते, त्यामुळे त्या पाट्यांसमोर उभं राहून आपलं नाव शोधणारी माणसं मला जरा जास्तच स्पष्ट दिसतात.

रोमनांच्या बाजूने एवढं मात्र सांगायला हवं, की सेनापतीचं 'फेलिक्स' असणं त्यांच्या लेखी नुसतं नशीब नव्हतं. इ. स. पू. ६६ मध्ये पॉम्पेच्या बाजूने भाषण करताना किकेरोने (आपण ज्याला सिसेरो म्हणतो त्याने) थोर सेनापतीच्या अंगी हव्यात अशा चार गोष्टी मोजल्या: युद्धशास्त्राचं ज्ञान, पराक्रम, लोकांवरचं वजन, आणि चौथी फेलिकितास. हात लावेल ते फळाला येणं, हा जणू अंगचाच गुण. त्या फेलिकितासला देवी करून तिचं देऊळही बांधलेलं होतं. इ. स. पू. ४६ मध्ये सीझरची विजययात्रा नेमकी त्या देवळासमोरून जाताना त्याच्या रथाचा आस मोडला आणि तो पडता पडता वाचला. पुढे दोन वर्षांत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नंतर कोमोडुसपासून तर सम्राटांच्या बिरुदावलीत 'पियुस फेलिक्स' ही जोडी ठरूनच गेली, लग्नपत्रिकेत नावामागे 'चि.' यावा तशी. मिळालेल्या फेलिक्सपेक्षा लावून घेतलेले फेलिक्स वाढले की शब्दाची रया जाते.

पण हे नाव सम्राटांपेक्षा जास्त कुठे सापडतं माहितेय? गुलामांमध्ये. रोमन शिलालेखांत फेलिक्स नावाचे गुलाम आणि मुक्त झालेले गुलाम पैशाला पासरी सापडतात. विकत घेतलेल्या माणसाला मालक नवीन नाव ठेवी, आणि ठेवायचंच तर चांगलं, शकुनाचं ठेवी. त्याच्या भाग्यासाठी नव्हे हो, घराच्या भाग्यासाठी. बैलाला आपण सोन्या म्हणतो तसं.

अशाच मुक्त झालेल्यांपैकी एक अंतोनियुस फेलिक्स. त्याचा भाऊ पाल्लास हा क्लाउदियुस बादशहाचा खजिना सांभाळत होता. त्या वशिल्यावर हा इ. स. ५२ च्या सुमारास यहूदियाचा सुभेदार झाला. बायबलमध्ये संत पौलाला ज्याच्यासमोर उभं करतात तो हाच. लाच मिळेल या आशेवर याने पौलाला दोन वर्षं कोठडीत ठेवलं. रोमन इतिहासकार ताकितुसने त्याच्याबद्दल एक ओळ लिहिलीय, की राजाचा अधिकार याने गुलामाच्या वृत्तीने गाजवला. ओळ झणझणीत आहे, पण मला ती फारशी आवडत नाही. लाच मागायला गुलाम म्हणून जन्मावं लागतं असं थोडंच आहे? सुल्ला तर चांगल्या खानदानी घरातला होता.

आणि मग कार्थेजची फेलिकितास. नाव बाईचं आहे, तरी तिला वगळून हे लिहिता येणार नाही. इ. स. २०३, मार्च महिना. ख्रिस्ती धर्म घेतला म्हणून काही तरुणांना रिंगणात जनावरांसमोर टाकायची शिक्षा झाली होती. त्यांत बावीस वर्षांची पेर्पेतुआ, अंगावरच्या मुलाची आई, चांगल्या घरची. तिने तुरुंगात स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं टिपण आजही उपलब्ध आहे. तिच्याबरोबर फेलिकितास, गुलाम, आठ महिन्यांची गरोदर. गरोदर बाईला ठार मारायचं नाही असा कायदा. फेलिकितासला भीती ही, की आपली शिक्षा पुढे ढकलली जाईल आणि मागाहून कुठल्या तरी चोर-दरोडेखोरांबरोबर एकटीला मरावं लागेल. खेळांच्या आधीच तिला कळा लागल्या, कोठडीतच मुलगी झाली, आणि एका ख्रिस्ती बाईने ती आपली म्हणून वाढवली. रिंगणात दोघींना आणलं तेव्हा, असं त्या वृत्तांतात आहे, लोक शहारले. एक कोवळी पोर, आणि दुसरी नुकती बाळंत झालेली, जिच्या छातीतून दूध ठिबकतंय.

तो वृत्तांत लिहिणाऱ्याला 'फे' आणि 'धे'चं नातं माहीत असण्याचा प्रश्नच नाही, ते कळायला भाषाशास्त्राला आणखी सोळाशे वर्षं लागली. मला ते माहीत होतं, आणि म्हणून त्या ओळीपुढे मी बराच वेळ जाऊ शकले नाही. कुठल्या तरी मालकाने शकुनाचं म्हणून ठेवलेलं नाव, आणि ते आपल्या अगदी तळच्या अर्थापर्यंत जाऊन असं खरं ठरावं. क्लाउदियाने, म्हणजे आमच्या वर्गातल्या त्या मुलीने, त्या दिवशी पहिल्यांदा कॅमेरा चालू केला. काही बोलली नाही.

पुढचा प्रवास भराभर. ख्रिस्ती संतांत फेलिक्स इतके, की गणती अवघड. त्यांतला माझा आवडता नोलाचा, नेपल्सजवळचा. छळाच्या काळात तो एका पडक्या भिंतीच्या फटीत लपतो, कोळी त्या फटीवर जाळं विणतो, आणि जाळं अखंड पाहून शिपाई पुढे निघून जातात, अशी कथा. पोपांमध्येही फेलिक्स आहेत आणि त्यांच्या क्रमांकांत घोळ आहे, तो पाहून माझ्यातल्या मुद्रितशोधकाला गुदगुल्या होतात. ३५५ साली सम्राटाने खऱ्या पोपला हद्दपार करून आपला माणूस बसवला, त्याला पुढे कोणी तरी याद्यांत 'दुसरा फेलिक्स' म्हणून मोजलं. तो खरा पोप नव्हता हे नंतर ठरलं, पण तोवर तिसरा आणि चौथा होऊन गेले होते. आता आकडे कोण बदलणार? चूक छापून गेली की गेली. शेवटचा, पाचवा, सव्हॉयचा ड्यूक आमादेउस. तोही प्रतिपोपच, म्हणजे खऱ्या पोपसमोर उभा केलेला, १४३९ मध्ये निवडलेला. दहा वर्षांनी त्याने स्वतःहून पद सोडलं, आणि इतिहासातला शेवटचा प्रतिपोप सहसा त्यालाच मानतात.

संगीतकार मेंडेल्सझोन हा फेलिक्स. १८४७ च्या मे महिन्यात त्याची बहीण फानी गेली, आणि नोव्हेंबरात, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, तोही. रशियातली गुप्त पोलीस यंत्रणा १९१७ मध्ये ज्याने उभी केली तो जेर्झिन्स्कीही फेलिक्सच. त्याच्या नावाने सोव्हिएत रशियात हाताने फिरवायचं एक गणकयंत्र निघालं, 'फेलिक्स' नावाचं, १९२९ पासून जवळपास पन्नास वर्षं ते बनत होतं. किती हिशेबनिसांनी त्या लोखंडी फेलिक्सचा दांडा फिरवला असेल. क्यूबाचा मुष्टियोद्धा फेलिक्स साव्होन सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांचा धनी. आणि २०१२ मध्ये जमिनीपासून सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून उडी मारून, पडता पडता आवाजाचा वेग ओलांडून सुखरूप उतरलेला फेलिक्स बाउमगार्टनर. २०२५ मध्ये तो पॅराग्लायडिंग करताना गेला. नावाने कुणाचं काय राखलं, याचा हिशेब या लोकांकडे पाहून मांडता येत नाही.

हंगेरियन भाषेत मात्र या नावाचं चक्क भाषांतर झालं. तिथे फेलिक्सला बोदोग म्हणतात, 'सुखी' या अर्थाच्या शब्दावरून. इटालियनात फेलिचे, तेच नाव आणि तेच विशेषण. स्पॅनिशमध्ये नाव फेलिक्स आणि 'आनंदी'साठीचा रोजचा शब्द फेलिस, म्हणजे एकाच शब्दाची एक प्रत देवघरात आणि एक स्वयंपाकघरात. आयर्लंडमध्ये मूळ गेलिक नाव फेलिमी इंग्रजीत लिहायचं झालं की लोक फेलिक्स लिहीत. दोघांचा अर्थाअर्थी काही संबंध नाही, फक्त कानाला जवळचं. मुद्रितशोधकाने असं केलं तर नोकरी जाईल.

कानाला जवळचं म्हणून होणारा आणखी एक घोटाळा मांजराचा. लॅटिनमध्ये मांजराला फेलेस किंवा फेलिस, प्राणिशास्त्रातही फेलिस कातुस. त्यात १९१९ पासून मूकपटांत धावणारा तो काळा फेलिक्स बोका. त्यामुळे पुष्कळांना वाटतं नाव मांजरावरूनच आलं. तसं नाही. फेलिक्सचं षष्ठीचं रूप फेलीकिस होतं, त्यातला 'क' मांजराच्या रूपांत कुठेच येत नाही.

गेल्या महिन्यात सरांनी माक्रोबियुस या रोमन लेखकाचा एक उतारा दिला, पाचव्या शतकातला. त्यात शकुनी-अपशकुनी झाडांची यादी आहे. फेलिक्स झाडं: ओक, बीच, हेझल, नाशपती, सफरचंद, द्राक्षवेल, आलुबुखार आणि पांढरं अंजीर. इन्फेलिक्स झाडं: पाताळातल्या देवांच्या ताब्यातली, काळी फळं धरणारी, आणि त्यांत काळं अंजीर.

मी तिथेच अडले. कातोच्या मते तर फळ येतं ते झाड फेलिक्स. काळ्या अंजिरालाही फळ येतंच की. मग ते कुठल्या न्यायाने निष्फळ? मी वर्गात विचारलं. सर म्हणाले, इथे रंग बघितलाय, फळ नाही, कातोनंतर साडेपाचशे वर्षं गेली आहेत, शब्द वाहत गेला. मार्कुस म्हणाला, म्हणजे कोणीतरी नंतर ठरवलं. सर म्हणाले, कोणीतरी नंतरच ठरवतं.

भाषांतर लिहून त्याचा फोटो पाठवायचा होता. मी पांढऱ्या अंजिरासाठी 'सुफळ' लिहिलं. काळ्यासाठी 'निष्फळ' लिहून खोडलं, 'अशुभ' लिहिलं, तेही खोडलं, आणि शेवटी तो शब्द तसाच ठेवला, इन्फेलिक्स, देवनागरीत. समासात पेन्सिलीने लिहिलं: 'हेही अंजीरच आहे. गोड असतं.' खाली नेहमीप्रमाणे नाव, फेलिक्स.

वही तपासून आली तेव्हा दोन विभक्ती चुकल्याच्या खुणा होत्या आणि एका क्रियापदाचा काळ. समासातल्या ओळीला सरांनी हात लावला नव्हता.